इंजिनाला वाळ्याची हवा

नागपुरात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझी जात विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे खाते का तेही विचारलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक थर्मामीटर काढला, पश्चिमेच्या खिडकीत ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. मीही उभी राहिले. मला वाटलं, त्यांच्यात अशी काही पद्धत असेल. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलला, चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाले, "पोरी, खोटं नाही सांगत. मे महिन्यात हे खोली म्हणजे भट्टी आहे. राहशील का?"

खरं बोलणारा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता आणि त्यानंतरही भेटलेला नाही. मी लगेच हो म्हटलं. मे महिन्यात मात्र त्या होकाराचा फार पश्चात्ताप झाला.

मी मूळची सांगलीकडची. हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून नागपूरला गेले. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावरून न्यायची आणि संध्याकाळी तिथेच आणून टाकायची. बाकीचा वेळ मी वरच्या खोलीत आणि काका-काकू खाली. काकांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कूलिंग टॉवरवर झालेली. तिकडे हजारो माणसं कोळसा जाळून पाणी तापवत होती आणि हे आपले एका बाजूला तेच पाणी थंड करत होते. निवृत्त झाल्यावर थंड करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. हे माझं निदान आहे. काकूंचं निदान याहून सोपं होतं. त्या म्हणत, "त्यायच्या डोक्यात गरमी चढली, अन् काय?"

काकांना हवा मोजायचं वेडच होतं. थर्मामीटर कायम खिशात. लग्नाला गेले की मांडवात चार ठिकाणी हवा मोजून मग बसणार, आणि वरमाय जरी त्या खुर्चीवर असली तरी "ताई, जरा सरका" म्हणायला मागेपुढे पाहणार नाहीत. गाडी घरासमोरच्या कडुलिंबाखाली उभी असे. पण सावली जागची हलली की काका गाडीही हलवत. दुपारभर ती गाडी त्या गल्लीत सावलीच्या मागे हातहातभर सरकत राही. समोरच्या घरातले लोक त्यावरून वेळ ओळखायला शिकले होते.

फ्रिजचं पाणी ते पीत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर त्यांनी माझा हात धरून फ्रिजच्या मागच्या जाळीवर ठेवला. चटका बसला.

"पाहिलं? समोरून थंडं देते अन् मागून घरात गरमी सोडते. थंडी नावाची चीज जगात नाहीच, पोरी. फक्त गरमी आहे. ते इकडून उचलाची अन् तिकडे ठेवाची. गरमी मरत नसते, घर बदलते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी कारखान्यात माझ्याही तोंडी यायला लागलं. तिथले लोक मला सांगलीची म्हणून आधीच थोडं बाजूला ठेवत होते, त्यात ही भर.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे फुंकणी. भंगार बाजारात कुठल्याशा अपघातात चेपलेल्या परदेशी गाडीचा सुपरचार्जर काकांना मिळाला, आणि तो त्यांनी आपल्या जुन्या गाडीला बसवला. असं करायला परवानगी असते का, हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारणाऱ्याला ते लगेच चहा देत. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं ते यंत्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, त्यामुळे पेट्रोल जास्त जोरात जळतं आणि गाडीला बळ येतं. काकूंनी ते एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फुंकणीच ना?" चुलीत फुंकर घातली की जाळ उसळतो, तेच हे. घरात मग फुंकणी हेच नाव चाललं.

"इंजन काय खाते, सांग बरं," काका मला विचारत.

"पेट्रोल."

"नाही. हवा खाते. पेट्रोल तं तोंडी लावाचं लोणचं आहे. पोट भरते हवेनं. अन् गरम हवा कशी असते? फुगलेली, पातळ. थंडी हवा दाट. आता उन्हाळ्यात गरम हवा दिली तं कसं होईल त्याचं?"

यात आणखी एक मेख होती, ती त्यांनी मला सायकलच्या पंपावर समजावली. पंप जोरजोरात मारायला लावला आणि मग त्याच्या बुडाला हात लावायला सांगितला. चांगलंच गरम लागलं. हवा दाबली की तापते. म्हणजे नागपूरची आधीच भाजलेली हवा फुंकणीत शिरणार, दाबल्यावर आणखी तापणार, आणि तशी कढत हवा इंजिनात गेली की पेट्रोल वेळेआधीच भडकणार. मग इंजिन ठोके द्यायला लागतं. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. काका तो आवाज ऐकला की छातीवर हात ठेवत.

त्या आवाजाला एक इतिहास होता आणि तो मला काकूंनी सांगितला. माझी आणि त्यांची चांगली गट्टी होती. त्या शिलाई मशीनवर बसत आणि मी शेजारी बसून त्यांच्या कुरडया खाई. त्यांचं माहेर नरखेड तालुक्यातलं. भाऊ अजून तिथेच, संत्र्याची बाग राखून. फुंकणी नवीन बसवली त्याच उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. काटोल रोडच्या चढावर गाडीने खडे वाजवायला सुरुवात केली आणि मधोमध बंद पडली.

"मी शालू नेसून उन्हात उभी, अन् हे बॉनेट उघडून म्हणतात, हवा पाहाय कशी गरम आहे! मी म्हटलं, तुम्ही पाहा. एसटी आली, हात दाखवला, बसली. उभ्यानं गेली, पण मंगलाष्टकं सापडली मले. हे आले तवा पंगती उठून राहिल्या होत्या."

तेव्हापासून काकू त्या गाडीत बसल्या नव्हत्या. दर मे महिन्यात भावाकडे आमरसाची पंगत असे, त्यालाही त्या एसटीने जात. काका मागून गाडीने जात आणि बहुधा उशिरा पोचत. बोलताना काकू नेहमी "त्यायची गाडी" म्हणत. घर आमचं, गच्ची आमची, कडुलिंब आमचा, पण गाडी त्यायची. काकांना हे लागत असावं. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांची सगळी खटपट कशासाठी चालली आहे, हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यांना शर्यत जिंकायची नव्हती. त्यांना बायको गाडीत बसायला हवी होती, आणि ती मे महिन्यातल्या भर दुपारी, त्याच चढावर.

त्यासाठी त्यांनी काय केलं नाही? फुंकणीचं तोंड आधी तापलेल्या रेडिएटरच्या मागे होतं, ते पुढे बंपरपाशी आणलं. मग धूळ आणि कापसाचे तंतू जायला लागले. बर्फाची पेटी लावून पाहिली, पण बर्फ शहराबाहेर पडायच्या आत वितळला. गाडीचा एसी तर त्यांनी सुरुवातीलाच काढून टाकला होता. एसीची तापलेली जाळी रेडिएटरच्या पुढे उभी असते, ती गरम हवा इंजिनाकडे सोडते, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. माणसांचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

एका एप्रिलमध्ये मी कामावरून आले तर खाली काकूंचा आवाज चढलेला. त्यांच्या झोपायच्या खोलीतल्या कूलरचा पंप गेला होता. बिघडला नव्हता, गेला होता. वाळ्याच्या नव्या ताट्याही गेल्या होत्या. नागपुरात एप्रिलमध्ये कुणाच्या कूलरला हात लावणं म्हणजे जेवत्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलणं. काका मागच्या अंगणात गाडीच्या टपावर चढून बसलेले.

"अवं, आणून देतो ना नवा! पण डोक्यात आलं ना एकदम. नागपूरची हवा कोरडी. कोरड्या हवेले काय पाहिजे? कूलर! आपण एवढी वर्षं कूलरपुढं झोपून राहिलो अन् मले सुचलं नाही!"

तर असा तो कूलर गाडीच्या टपावर बसला. पत्र्याची पेटी, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत बॅटरीवरचा पंखा, पाण्याचा डबा आणि त्यात काकूंचा तो पंप. वाळ्यातून येणारी गार हवा खाली बॉनेटपर्यंत न्यायला ताडपत्रीचा एक जाड पाइप हवा होता. तो कोण शिवणार? काकूंनी आधी साफ नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी मशीनवर तेच कापड दिसलं.

काकांनी माप दिलं होतं. काकूंनी शिवलेला पाइप त्यापेक्षा बराच लांब निघाला. टपावरून खाली येताना तो पुढच्या खिडकीजवळ बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखा लोंबायचा. काका करवादले, लांब पाइप उन्हात तापतो, हवा गरम होते, एवढा कापून टाकू. काकू मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "कापाल तं पुन्हा शिवणार नाही. कापड उरलं होतं, वाया काहून घालवू?" काकांनी निमूटपणे तो लोंबता भाग दोरीने बांधला.

पहिल्या चाचणीला मला नेलं. माझं काम पुढे बसून फुंकणीच्या तोंडाशी तारेने जोडलेल्या थर्मामीटरचा आकडा वाचून दाखवायचं. चौकात पोलिसाने थांबवलं.

"काका, हे वरतं काय आहे?"

"कूलर."

"कोणासाठी?"

"इंजनासाठी."

पोलिसाने वाकून माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकावरून घाम ठिबकत होता. "अन् ह्या मॅडमसाठी?"

"ते? ते तं भाडेकरू आहे," काका म्हणाले. पोलिसाने दोन्ही हात जोडले आणि आम्हाला जाऊ दिलं.

त्याच वर्षी काकूंचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. भाच्याने फोन करून सांगितलं, आत्या, मी एसी टॅक्सी पाठवतो, दरवर्षी पाठवत जाईन, तू काळजी करू नको. फोन ठेवून काकू बाहेर आल्या, तेव्हा काका पायरीवर बसून वाळा भिजवत होते. त्यांनी ऐकलं होतं. ते नुसते वाळ्यावर पाणी ओतत राहिले. वाळा चिंब झाला तरी थांबेनात, आणि मला त्यांची फार दया आली. काकूंनाही आली असावी, पण त्या दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"एक डाव बसते," त्या म्हणाल्या. "एकच. बंद पडली तं टॅक्सी. मंग जिंदगीभर टॅक्सी. बोलाचं नाही."

"नाही बोलत," काका म्हणाले.

पंगतीच्या दिवशी आम्ही निघालो. काका गाडी चालवायला, मी पुढे थर्मामीटरवर, काकू मागे एकट्या, डोक्यावरून पदर आणि ऊन लागू नये म्हणून कनवटीला कांदा. बाहेर ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. खिडक्या उघड्या ठेवल्या तर झळ, बंद केल्या तर उकाडा. पण गाडी! गाडी लोण्यासारखी चालली होती. शहर मागे पडलं, काका गाडीला जोर देत गेले, आणि एकही खडा वाजला नाही. वाळ्याचा ओला सुगंध बॉनेटमधून चुकून थोडासा आत येई आणि नाहीसा होई.

चढ जवळ आला. काका पुढे सरसावून बसले. "आकडा सांग!"

"अठ्ठावीस."

"बाहेर?"

"चव्वेचाळीस."

"अठ्ठावीस!" काकांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "चव्वेचाळीसात अठ्ठावीस! ऐकलं का वं? अठ्ठावीस आहे!"

मागे काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कुठं आहे अठ्ठावीस?"

"इंजनात!"

"अन् मी कुठं बसली?"

मी मागे वळून पाहिलं. काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ कोरडे पडले होते आणि त्यांनी डोकं खिडकीला टेकवलं होतं.

"तुम्हीच म्हणता ना," त्या म्हणाल्या, "गरमी मरत नाही, घर बदलते. त्या मशिनीच्या घरची सारी माझ्या घरी येऊन राहिली. तिले वाळ्याचा वास अन् मले पेट्रोलचा."

काकांनी आरशातून मागे पाहिलं. चढ अर्धा झाला होता. आणखी थोडं रेटलं असतं तर त्यांनी पैज जिंकली असती, आणि गाडी रेटायला तयार होती. इंजिन तर गाणं म्हणत होतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. एका पळसाची विरळ सावली होती, तिची हवा त्यांनी मोजली नाही. उतरले, दोरी सोडली आणि बॉनेटमधून पाइप उपसून काढला. तो हातात धरून ते मागच्या खिडकीशी आले. पाइप तिथवर पुरेल का, असा विचार माझ्या मनात यायच्या आत त्याचं तोंड खिडकीच्या बरोबर आत, काकूंच्या चेहऱ्यासमोर जाऊन बसलं. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

काका पाइपाकडे पाहत राहिले. मग काकूंकडे. काकू पळसाकडे पाहत होत्या.

"कापड उरलं होतं," त्या म्हणाल्या.

काकांनी कपाळावरचा घाम दुपट्ट्याने पुसला आणि म्हणाले, "मले मोजताच नाही आलं, वं." एवढंच. मग पाइप दोरीने खिडकीला पक्का बांधला आणि गाडीत येऊन बसले. आता इंजिनाला नुसती झळ मिळणार होती आणि गाडी बंद पडली तर जन्मभराची टॅक्सी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.  मी उगाच थर्मामीटर पुसत बसले.

गाडी निघाली आणि लगेच खडे वाजायला लागले. काकांनी पाय अलगद ठेवला, तरी खडे. मागे काकू वाळ्याच्या वाऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या, चेहऱ्यावरची लाली उतरत चालली होती. एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला, मग एक ट्रॅक्टर. चढाचा शेवटचा भाग आला तसं इंजिन आचके द्यायला लागलं. 

"थांबवा," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, झालं, संपलं. गाडी थांबली. काकूंनी स्वतः दोरी सोडली आणि पाइप खिडकीतून बाहेर ढकलला.

"द्या त्याले चढापुरती. लय खोकून राहिलं बिचारं. वरतं गेलं की मले."

काका उतरले, पाइप बॉनेटमध्ये खोचला, गाडी सरळ माथ्यावर चढली. माथ्यावर पुन्हा उतरले, पाइप काकूंकडे. पुढच्या चढाला पुन्हा इंजिनाला. उतारावर काकूंना. वाटेत जितके चढ तितके थांबे. तिसऱ्या की चौथ्या थांब्याला काकू खिडकीतून डोकं काढून स्वतःच सूचना द्यायला लागल्या. "अहो, आता द्या, तो येऊन राहिला चढ!" काका भर उन्हात पाइप घेऊन गाडीच्या पुढेमागे पळत होते आणि मी देवाशपथ सांगते, इतका आनंदी माणूस मी नागपुरात दुसरा पाहिला नाही.

गावात शिरलो तेव्हा पहिल्या दोन पंगती उठल्या होत्या. काकूंचे भाऊ फाटकाशी उभे. टपावर कूलर, मागच्या खिडकीत सोंड आणि सोंडेपुढे थंडगार बसलेली त्यांची बहीण, असं ते दृश्य पाहून त्यांनी आधी फाटक सताड उघडलं. काकूंना त्यांनी हात देऊन उतरवलं. जवळ जाताच त्यांना वाळ्याचा वास आला असावा, कारण ते एकदा काकूंच्या पदराकडे आणि एकदा टपाकडे पाहत राहिले.

"बंद पडली का गा, बापू?" त्यांनी काकांना विचारलं. त्यांना जुनी सवय होती.

"नाही पडली," काकूच म्हणाल्या. "आम्ही थांबत थांबत आलो."

जेवणं झाली. रस झाला, वर रोडगे झाले, पान झालं. ऊन उतरायला लागलं तसे भाऊ अंगणात आले. भाचा मागेच होता, मोबाइल हातात घेऊन.

"आत्या, मी बोलून ठेवलं आहे. परतीले टॅक्सी सांगू का? एसी आहे."

काकू चपला शोधत होत्या. काका गाडीच्या टपावर वाळ्यावर पाणी ओतत होते. त्यांचा हात तसाच थांबला. पाणी ताट्यांवरून काचेवर ओघळत राहिलं.

"काहून?" काकू म्हणाल्या. "आपली आहे ना."

असं म्हणून त्या मागचं दार उघडून आत बसल्या आणि पाइप नीट स्वतःकडे वळवून घेतला. काका टपावरून खाली उतरले. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि काय मोजायचं ते न सुचून परत खिशात ठेवून दिला.